पिंपरीची भरती

आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक पत्र्याची पाटी टांगलेली असायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'भरती बंद आहे.' पंचावन्न-छप्पनच्या त्या दिवसांत रोज कुणी ना कुणी नगरहून, साताऱ्याहून, बीडहून ट्रंक घेऊन यायचा, पाटी वाचायचा आणि परत फिरायचा. वसंत मयेकर मालवणहून आले तेव्हा त्यांनीही ती वाचली, पण ते परत फिरले नाहीत. त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "बंद म्हणजे सुकती लागली म्हणा की! कधीपासून?"

सुकती म्हणजे ओहोटी. पहारेकरी देशावरचा, त्याला हे कळायचं कारण नव्हतं. तो म्हणाला, "सकाळपासून."

"मग दुपारी येतो," असं म्हणून मयेकर समोरच्या लिंबाखाली आपल्या ट्रंकेवर जाऊन बसले. दुपारी परदेशी यंत्रांच्या पेट्या घेऊन मालमोटारी आल्या. पेट्या उघडायला आत सुतार कमी पडले. साहेब फाटकाशी येऊन आरडाओरडा करू लागले तसे मयेकर उठले, ट्रंक पहारेकऱ्याच्या हवाली केली आणि म्हणाले, "बघ, आली की नाही भरती?"

ही हकिगत खुद्द मयेकरांनीच मला सांगितलेली. त्यांच्या सांगण्यात त्या दिवशी वीस मालमोटारी आल्या होत्या. मी जमाखर्च खात्यातला माणूस. मयेकरांच्या कुठल्याही आकड्याला चारने भागायचं, असा नियम मी ओळख झाल्यावर लवकरच घालून घेतला. पुढे पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "असतील पाचेक." माझा भागाकार सहसा चुकत नसे.

मयेकर अंगाने किरकोळ, पण आवाज असा की सुतारखात्यातून हाक मारली तर कॅन्टीनमधला चहावाला कप विसळायला घ्यायचा. कानावर पेन्सिल, गळ्यात मफलर, तोही मे महिन्यात. देशावरचा वारा कोरडा असतो आणि तो घशातून आत शिरून माणसाला वाळवतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. रोज सकाळी कारखान्यात शिरताना बोट चाटून हवेत धरायचे आणि पावसाचं भविष्य सांगायचे. ते बहुतेक चुकायचं. चुकलं की म्हणायचे, "पाऊस निघालाय हो, वाटेत घाट लागतो ना!"

जगातल्या सगळ्या गोष्टी ते भरती आणि सुकती या दोनच खात्यांत टाकत. शिफ्ट सुटल्यावर फाटकाशी लोटणारी गर्दी ही भरती. कॅन्टीनमधला चहा संपला की सुकती. आमच्या मोठ्या साहेबांना टक्कल पडत चाललं होतं, त्यालाही ते सुकतीच म्हणत, आणि साहेब दोन हातांवर असताना म्हणत. मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. "काय हिशेबनीस, आज काय भागलंत?" ही त्यांची नमस्कार करायची पद्धत. माझा नियम त्यांना कुणीतरी सांगितला होता.

नोकरी पक्की होऊन कॉलनीत खोल्या मिळाल्यावर त्यांनी बायकोला आणलं. आमच्या घराला लागूनच त्यांच्या खोल्या होत्या. मयेकरवहिनींचं माहेर मालवणच्या खाडीकाठी. वडिलांची होडी होती, ते माणसं पैलतीरी पोचवत. अशा घरातली मुलगी पिंपरीच्या माळावर आली. तिथे तेव्हा आमची कौलारू घरांची रांग, कारखान्याची चिमणी आणि मैलभर बाभळी, एवढंच होतं. त्या कुणाशी भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त आपली ट्रंक त्यांनी उघडून रिकामी केली नाही. लुगडी त्या ट्रंकेतून काढायच्या, धुवून वाळवून पुन्हा ट्रंकेतच ठेवायच्या. ट्रंक दाराशी असायची, कुलूप घातलेली. आमच्या घरातून एकदा विचारणं झालं, "वहिनी, फळीवर ठेवा की कपडे." त्या म्हणाल्या, "कित्याक? परत भरूचा त्रास."

मयेकरांनी परोपरीने उपाय केले. एकदा पवनेतला हा एवढा मरळ मासा पैदा करून आणला. 'हा एवढा' म्हणजे त्यांनी हाताने दाखवला तेवढा. पुढचं मी सांगत नाही. वहिनींनी आमटी केली, एक घास खाल्ला आणि पान बाजूला सारलं. "माशाक चव नाय."

"मीठ कमी पडलं असेल," मयेकर म्हणाले.

"मीठ माशाच्या अंगात असूक होया."

भिंतीपलीकडून मला हे स्पष्ट ऐकू आलं.  

मग एप्रिलात वहिनींच्या भावाचं कार्ड आलं, की मेअखेरीस बहिणीला न्यायला येतो. मयेकर मला कॅन्टीनच्या मागे घेऊन गेले. आवाज इतका लहान केला की मला पुढे वाकावं लागलं. "हिशेबनीस, ही गेली तर परत यायची नाही. माहेरपणाला चाललेय म्हणते, पण ट्रंक रिकामीच केलेली नाही ना तिनं इथं, मग ती नेली की परत कशाला आणील?"

"मग काय करणार?"

"होडी बांधणार."

मला वाटलं, माणसाला ऊन लागलं. पण त्यांचा बेत ठरला होता. वहिनींना आळंदीला जायची फार इच्छा होती. एरवी लोक एस.टी.ने जात, नाही तर पायी. मयेकर त्यांना होडीतून नेणार होते. मोशीच्या पुढे नाशिकचा रस्ता इंद्रायणी ओलांडतो, तिथे होडी पाण्यात घालायची आणि थेट आळंदीच्या घाटाला लावायची. "वीस मैलांचा जलप्रवास!" ते म्हणाले. मी नकाशा काढून मोजलं. पाच मैलांच्या आतच होतं.

यंत्रांच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या त्यांनी साहेबांची रीतसर परवानगी काढून घेतल्या आणि घरासमोर होडी उभी राहू लागली. सगळी कॉलनी बघायला जमे. प्रत्येक फळीवर परदेशी अक्षरं आणि 'ही बाजू वर' दाखवणारा मोठा काळा बाण. मयेकरांनी फळ्या जशा बसतील तशा बसवल्या. त्यामुळे होडीच्या दोन्ही अंगांवरचे झाडून सगळे बाण खाली, नदीच्या तळाकडे तोंड करून राहिले.

हे पहिल्यांदा पाहिलं ते सोपानरावांनी. सोपानराव कुरुळीचे शेतकरी. कारखान्यात पेट्या उतरवायच्या टोळीत कामाला लागले होते, आणि होडी मोशीपर्यंत न्यायला त्यांची बैलगाडी ठरली होती. ते होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मयेकरभाऊ, तुमची नाव कुटं जानार त्ये तिच्यावरच लिवलंय की."

"तो बाण यंत्रासाठी होता, सोपानराव."

"आन यंत्र काय पान्यात घालत्यात व्हय? राव, ही आमची नदी हाय, तुमची खाडी न्हवं. उन्हाळ्यात हितं डोह असत्यात. डोह सपला की खडक, खडक सपला की म्हशी."

"पाऊस येणार आहे," मयेकर बोट चाटून म्हणाले.

आणि तो आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव एकदा बरसून जातो. त्या वर्षी तो आला आणि राहिला. मावळाच्या बाजूला दिवसभर काळं दिसायचं. मयेकरांचं भविष्य खरं ठरलेलं मी पाहिलं, ते हे एकदाच. भाऊ मंगळवारी येणार होता, म्हणून आदल्या रविवारी निघायचं ठरलं.

मी होडीचं माप घेऊन भार किती सोसेल याचं गणित केलं होतं. चार माणसं बसली तर पाण्यावर जेमतेम वीतभर कड उरत होती. तसं मी मयेकरांना सांगितलं. ते म्हणाले, "हिशेबनीस, पाण्याला पाढे येत नाहीत." घरात सांगितलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "तुमच्या गणितावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून मी येत नाही." त्यांनी दशम्या, लसणीची चटणी आणि दोन छत्र्या बरोबर दिल्या.

सोपानरावांचा भाऊ आम्हाला नदीवर सोडून रिकामी गाडी घेऊन रस्त्याने आळंदीला गेला. होडीत पुढे एक लांब बांबू घेऊन सोपानराव, मध्ये वहिनी आणि मी, मागे वल्हं घेऊन मयेकर. पाऊस रिमझिम होता. वहिनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून, हात मांडीवर ठेवून, एस.टी.त बसावं तशा बसल्या होत्या.

पहिला डोह झकास होता. पाणी हिरवं, दोन्हीकडे करंजाची झाडं. मयेकरांनी आपला मफलर वाऱ्यावर सोडला आणि माझी छत्री उघडून शिडासारखी धरायला लावली. छत्री उलटी झाली. फळ्यांच्या फटींतून पाणी येत होतं, ते मी डब्याने बाहेर टाकत होतो. काठावरून एका म्हातारीने ओरडून विचारलं, "आरं, कुनाची वरात हाय?"

"आमचीच!" मयेकर ओरडले. वहिनींनी मान वळवून दुसऱ्या काठाकडे पाहिलं.

मग सोपानरावांचं म्हणणं अक्षरशः खरं होत गेलं. डोह संपला, खडक आला. आम्ही तिघे उतरून होडी ओढली. पुढचा डोह आला, त्यात म्हशी. म्हशी उठेनात. सोपानरावांनी त्यांना अशा शिव्या घातल्या की वहिनींचा पदर आणखी पुढे आला. म्हशी उठल्या तशी त्यांच्या लाटांनी होडीत पाणी आलं. पुन्हा डोह, पुन्हा खडक. आतापावेतो होडीने आम्हाला जितकं वाहून नेलं होतं, त्याहून अधिक आम्ही होडीला नेलं होतं. आणि डुडुळगावच्या अलीकडे, नदीच्या मधोमध, एका रुंद कातळावर होडी जी बसली ती हलेचना. ओढून पाहिली, रेटून पाहिली. खालून फळी कुरकुरली तसे मयेकर म्हणाले, "थांबा, फुटेल."

पाऊस वाढला. सोपानराव म्हणाले, "आता काय? उतरा, काठानं चालत आळंदी गाठू. नाव ऱ्हाऊ द्या, म्हशी बसतील तिच्यात."

 मयेकरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. समोर बायको ओली होऊन बसलेली, परवा तिचा भाऊ येणार, आणि एवढ्या खटपटीनंतर तिला दाखवायला त्यांच्याकडे एक कातळ होता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मफलर पिळला. आणि मग, जन्मभर ज्या पाण्यावर वाढले तिथे होडी रुतल्यावर माणूस जे बोलतो तेच अगदी सहज बोलून गेले.

"असू दे. भरती येईपर्यंत वाट बघू."

 सोपानराव माझ्याकडे बघू लागले. भरती म्हणजे त्यांना फाटकावरची पाटी तेवढी माहीत. "कुनाची भरती?" त्यांनी हळूच विचारलं. "हितं?"

तेवढ्यात पदराखालून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, वहिनींना हुंदका फुटला. पण त्यांनी पदर मागे सारला आणि त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "हय भरती खंयसून येतली? हो काय समुद्र हा?"

मयेकरांना आपण काय बोललो ते आता कळलं. ते लाजले, पण माघार घेतली नाही. "येईल," ते म्हणाले. "न यायला काय झालं?" आणि खरोखर काठावरून एक काटकी आणून त्यांनी पाण्याच्या कडेला कातळाच्या फटीत रोवली. पाणी चढतंय की उतरतंय ते बघायला खाडीवर अशी काटकी रोवतात म्हणे. मग आम्ही छत्र्यांखाली बसून दशम्या काढल्या. वहिनींना मधेच काटकी दिसे आणि पुन्हा हसू फुटे. "तिका बोर्ड लावा," त्या म्हणाल्या, "भरती बंद आसा म्हणान." वहिनी विनोद करतात हे मला त्या दिवशी समजलं. मयेकरही दशमी हातात तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिले होते.

काटकीकडे माझं लक्ष होतं. मी मोजणारा माणूस. समोर खूण रोवल्यावर माझ्याने बघितल्याशिवाय राहवत नाही. दशमी संपली तेव्हा काटकीचं बूड पाण्यात होतं. चटणीचं पुडकं बांधलं तेव्हा पाणी तिच्या पहिल्या पेरापर्यंत होतं.

"मयेकर," मी म्हणालो, "पाणी चढतंय."

सोपानरावांनी वरच्या अंगाला पाहिलं. हिरव्या पाण्यात गढूळ पट्टे येत होते. "मावळातला पाऊस उतरला. चढनार आनखी. बाप्यांनो, ठरवा आता. काठावर जायाचं आसंल तर आत्ताच चला, न्हाईतर बसा गुमान."

मयेकर वल्हं घेऊन उठले, बसले, पुन्हा उठले. इतका वेळ ज्या भरतीचा हट्ट धरला ती आल्यावर तिचं काय करायचं हे त्यांना सुचेना. खरं सांगायचं तर मयेकर सुतार होते. होडी बांधणं वेगळं आणि चालवणं वेगळं. खाडीवर ते नेहमी दुसऱ्याच्या होडीत बसूनच गेले होते.

वहिनी उभ्या राहिल्या. लुगड्याचा काष्टा नीट खोचला, एक नजर पाण्यावर टाकली, एक काठावर. "पाणी धावणारा नाय, चढणारा आसा," त्या म्हणाल्या. "द्या हय तो बांबू."

"अगो, पण..."

"तुमी गप बसा. सुतारकाम तुमचा, ह्या माझ्यार सोडा. आणि भावजी, तुमी डबो घेवन पाणी काढा. बोलू नकात."

भावजी म्हणजे मी. मी बोललो नाही.

होडी आधी मागून उचलली गेली, मग कातळावरून अलगद घसरली. वहिनींनी बांबूचा एकच रेटा दिला आणि आम्ही प्रवाहाला लागलो. त्यांनी होडी मधल्या धारेत जाऊ दिली नाही. काठाच्या कडेकडेने, बांबू एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला टेकवत नेली. पावसाने भिजलेलं तोंडसुद्धा पुसलं नाही. खडक आता पाण्याखाली होते आणि त्या त्यांना पाण्याच्या वळ्यांवरून ओळखत होत्या. सोपानराव पुढच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "वैनी, आमच्या नदीला तुमी पैल्यांदा आला ना?"

"नदी काय नि खाडी काय," वहिनी म्हणाल्या, "पाणी आसा."

मयेकर माझ्या शेजारी बसून मफलरने होडीतलं पाणी टिपत आणि बाहेर पिळत होते. त्यांना त्यांच्याच होडीत उतारू केलं होतं आणि इतका खूष झालेला उतारू मी पाहिलेला नाही.

आळंदीचा घाट आला तेव्हा पाऊस ओसरला होता. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. मृदंग शिकणारी पोरं पायऱ्या उतरून धावत आली. खाली बाण दाखवणाऱ्या होडीतून चौघं चिंब माणसं येताहेत आणि एक बाई ती चालवतेय, असं त्या घाटाने बहुधा पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कुठून आलात हो, पाहुणे?"

मयेकर उठून उभे राहिले. होडी डुलली. छाती काढून म्हणाले, "मालवणहून!"

"काय तरीच!" वहिनी बांबू पायरीला लावत म्हणाल्या. "आमी पिंपरीचे."

मी मयेकरांकडे पाहिलं. ते खाली बसले, आणि मफलर तोंडावर धरून बराच वेळ तोंड पुसत राहिले. मफलर ओलाच होता, त्याने काही पुसलं गेलं नसेल.

मंगळवारी भाऊ आला. सुकी मासळी, आमसुलं, नारळ असं बरंच काही आणलं होतं. आठवडाभर राहिला, रोज बहिणीकडून होडीची हकिगत ऐकली आणि एकटाच परत गेला. निघताना दाराशी त्याने पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा वहिनींचं उत्तर मी ऐकलं: "तू जा. माका अजून हयची भरती बघूची आसा." होडी मयेकरांनी घरासमोर उपडी ठेवली. पुढे तिच्याखाली कोंबड्या राहू लागल्या. बाण आता बरोबर वर दाखवत होते.

छप्पनचा तो पावसाळा ते पुढे लोकांना सांगत तेव्हा इंद्रायणीला पुरुषभर पूर आलेला असे, अंतर वीस मैल असे आणि म्हशी शंभर असत. मी मनात चारने भागत बसे. पण "आमची ही त्या कातळावर पाऊण तास हसत होती" असं ते म्हणत, तेव्हा मी भागत नसे.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली नाशिकला झाली. निघालो त्या सकाळी पाऊस होता. फाटकासमोर एस.टी.ची वाट बघत होतो, मयेकर माझी वळकटी धरून उभे होते. समोर एक तरुण माणूस पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पाटी वाचत होता. वाचून झाल्यावरही तो हलेना.

"खंयचो रे तू?" मयेकरांनी हाक मारली.

"देवगडचो."

"बंद आहे ना? बंद म्हणजे सुकती. दुपारी बघू. चल, आधी जेव."

माझी गाडी आली. वळकटी माझ्या हाती देऊन मयेकर रस्ता ओलांडून गेले. खिडकीतून मी पाहिलं: त्या माणसाची ट्रंक दोघांनी दोन बाजूंनी धरली होती आणि ते कॉलनीकडे चालले होते. मयेकरांचा मोकळा हात हवेत काहीतरी मोठं दाखवत होता. बहुधा म्हैस असावी. गाडी कॉलनीवरून गेली तेव्हा दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, त्याच्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्या तांदूळ वाढवायला आत वळल्या.

त्यांची स्वतःची ट्रंक अजून दाराशीच होती. कुलूप काढलेलं, वर गोधडीची घडी घातलेली. आलागेला तिच्यावर बसत असे.